बर्फाच्या काठीची गुढी

मुक्काम उर्वीचं घर,
एव्हिमोरच्या अलीकडे नऊ मैल, स्कॉटलंड
२९ मार्च २००४

प्रिय शशिधर,

दोन्ही हात जोडून नमस्कार (हातमोजे न काढता; इथे ते काढले की बोटं आपली राहत नाहीत). तुझा मणका, सुप्रभावहिनींचं ब्लडप्रेशर आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट, या तिघांची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळव. तिघंही एकदमच बंद पडतात असा माझा अनुभव आहे. इकडे सुनेत्रा मजेत आहे. तिला इथलं पाणी मानवलं, दूध मानवलं, मी तेवढा अजून मानवलेलो नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पाडव्याच्या शुभेच्छा आठ दिवस उशिरा देतोय. उशीर का झाला हाच या पत्राचा विषय आहे, तेव्हा चहा घेऊन बस, आणि वहिनींनी दिला तर दुसरा कपही मागून ठेव.

तुला माहीतच आहे, आम्ही नोव्हेंबरात इथे आलो. उर्वी इनव्हर्नेसच्या हॉस्पिटलात डॉक्टर, अनुपरावांचं कॉम्प्युटरचं काम; लेक-जावई दोघं सकाळी सातला घराबाहेर पडतात ते दिवेलागणीनंतर घरी येतात (दिवेलागण इथे साडेतीनला होते, त्यामुळे यात त्यांचं फारसं कौतुक नाही). ख्रिसमसपर्यंत मी तीन नळ दुरुस्त केले, त्यातले दोन चांगले चालू होते. मग करायला काही उरलं नाही. शशी, तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस. निवृत्तीला सहा वर्षं झाली, पेन्शन वेळेवर येते, तब्येत बरी आहे. पण सकाळी आठ वाजले की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. एकतीस वर्षं तू आणि मी धरणाच्या पट्टीवरची पाणीपातळी वाचून वर कळवत होतो. आता आठ वाजता माझ्या आकड्याची जगात कोणी वाट बघत नाही. हे मला फार लागतं.

अशात शेजारचा डंकन भेटला. वय सत्तर, जंगल खात्यातून निवृत्त, एकटाच राहतो, बोलतो कमी आणि तेही ढगांकडे बघून. आमच्या घरामागे जो डोंगर आहे त्याच्या उतारावर एका छोट्या क्लबचं स्कीइंग चालतं. म्हणजे एक दोर फिरत असतो, तो धरून माणसं वर जातात, आणि पायाला फळ्या बांधून खाली पडतात. हे फक्त शनिवार-रविवारी. तर त्या उतारावर डंकनने एक काठी रोवलीय. तीन मीटर उंच, दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा, खाली जमिनीत बसवलेल्या लोखंडी खोबणीत पक्की. रोज सकाळी आठला तो वर जातो, बर्फ कुठल्या पट्ट्यापर्यंत आलंय ते वाचतो, तापमान, वारा आणि शेरा असं सगळं रजिस्टरात लिहितो आणि क्लबच्या सेक्रेटरीबाईंना फोन करतो. बाई तो आकडा टेपवर बोलून ठेवतात. मग पार लंडनपासून लोक फोन फिरवून ती टेप ऐकतात आणि इकडे यायचं की नाही ते ठरवतात. मी ते रजिस्टर पाहिलं मात्र, मला माहेर भेटलं. तेच रकाने, तेच शेरे! १९७८ सालापासूनचे सव्वीस हिवाळे, आणि एकही दिवस कोरा नाही.

जानेवारीपासून मी रोज त्याच्याबरोबर वर जाऊ लागलो. आठवड्यातून एकदा तो फावड्याने बर्फात खड्डा खणतो आणि त्याच्या भिंतीवरचे थर बोटाने चाचपून बघतो. कुठला थर खालच्याला धरून आहे आणि कुठला सुटा आहे, यावर म्हणे डोंगराचा भरवसा ठरतो. मी त्याला सांगितलं की चिरोट्याला साटा नीट लागला नाही की पदर असाच सुटतो. त्याला हे पटेना, म्हणून सुनेत्राने चिरोटे केले. त्याने सात खाल्ले आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं (मला दाखवलं नाही). एकदा उतरताना तो म्हणाला, गुडघा आता पुढचा हिवाळा काढणार नाही, कोणीतरी बघायला हवं. म्हणताना तो ढगांकडेच बघत होता. पण शशी, मला ते काम हवं होतं. पुढच्या नोव्हेंबरात परत यायचं, आणि सकाळी आठला आपला आकडा फोनवर सांगायचा. मी सुनेत्रालाही बोललो नाही, कारण तिने लगेच पगार विचारला असता.

अठरा मार्चला डंकन गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात गेला. जाताना रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, दिसेल तेच लिही. बस, एवढंच. खात्याने एकतीस वर्षांत दिली नाही ती बढती मला या माणसाने फाटकात उभ्याउभ्या दिली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस मी पावणेआठलाच काठीपाशी हजर. अठ्ठेचाळीस, पन्नास, एकोणपन्नास. इतकं स्वच्छ अक्षर मी सर्व्हिस बुकातसुद्धा काढलं नव्हतं.

आणि रविवारी आला पाडवा. सुनेत्राने पुण्याहून तांब्याचा गडू आणला होता, खण आणला होता, हळद-कुंकू तर तिच्या पर्समध्येच असतं. साखरेच्या गाठी नव्हत्या, तर उर्वीने गुलाबी-पांढरे मार्शमेलो दोऱ्यात ओवले. कडुनिंबाऐवजी लंडनच्या एजवेअरहून आलेला कढीपत्ता. सगळं जमलं, फक्त काठी नाही. बांबू इथे औषधालाही मिळत नाही. मी वाइपरचा दांडा सुचवला, तर सुनेत्राने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो दांडा घेऊन घराबाहेरच पडलो. पडद्याची दांडी गडूच्या वजनाने वाकली. अनुपरावांची स्कीची काठी माझ्या कमरेएवढी. "अहो, वर्षाचा पहिला दिवस, आणि गुढी कमरेएवढी?" असं ती म्हणाली. आता तूच सांग, समोर डोंगरावर तीन मीटरची सरळसोट काठी दिसत असताना माणसाने काय करावं?

मी नीट विचार केला (हे महत्त्वाचं आहे, नंतर सगळ्यांनी विचारलं की विचार केला होता का). वाचन होतं सकाळी आठला. आठला वाचायचं, सव्वाआठला काठी उपसायची, गुढी उभारायची, दिवस मावळायच्या आत उतरवायची आणि काठी पुन्हा खोबणीत बसवायची. पुढचं वाचन सोमवारी आठला. म्हणजे दोन वाचनांच्या मध्ये काठी कुठे होती याच्याशी विज्ञानाचा संबंधच येत नाही! अठ्ठेचाळीस वाचलं, लिहिलं, फोन केला, काठी उपसली. गुढी अशी देखणी दिसली की काय सांगू. दीडशेच्या पांढऱ्या पट्ट्यावर सुनेत्राने हळद-कुंकवाची बोटं ओढली. दोन स्कीवाले रस्त्यावरून जाताना थांबले आणि हा झेंडा म्हणजे धोक्याची सूचना का, असं विचारून गेले. उर्वीने त्यांना श्रीखंड दिलं.

दुपारी बर्फ पडायला लागलं, वरून वारा. चार वाजता काठी खांद्यावर टाकून मी वर गेलो, तर खोबण गायब. सगळीकडे सारखं पांढरं. तासभर मी पायाने चाचपलं, दोनदा कमरेपर्यंत आत गेलो, एकदा काठीलाच धरून बाहेर आलो. शेवटी साधारण हीच जागा असं मनाशी ठरवून काठी खोल खुपसली, लागेल तिथपर्यंत. सोमवारी सकाळी आठला वाचलं, तर एकशे एक्केचाळीस.

आता इथे मी चुकलो असं उर्वीचं म्हणणं आहे. पण तू आपल्या खात्यातला माणूस आहेस. पट्टीवर जो आकडा दिसतो तो वाचणं आपलं काम, तो पटणं-न पटणं हे वरच्या ऑफिसचं. डंकननेही सांगितलं होतं, दिसेल तेच लिही. मला दिसले एकशे एक्केचाळीस. सेक्रेटरीबाईंनी फोनवर दोनदा विचारलं की एका दिवसात त्र्याण्णव सेंटिमीटर, नक्की ना? मी म्हटलं, मॅडम, थर्टी वन इयर्स. आकडा टेपवर गेला! (खरं सांगू का, मला आतून कळत होतं की वाऱ्याने जमलेल्या ढिगात काठी गेलीय. पण ते सांगायचं म्हणजे गुढीचं सांगावं लागणार, आणि मग पुढच्या हिवाळ्याचं काम गेलंच. म्हणून मी विज्ञानाची बाजू घेतली.) मंगळवारी एकशे चौतीस. बुधवारपासून कोमट वारा आणि पाऊस सुरू झाला. डोंगर हिरवा दिसायला लागला, पण काठी म्हणत होती एकशे वीस, एकशे आठ. काठीचं म्हणणं मी प्रामाणिकपणे कळवत राहिलो.

इथे एजवेअरच्या मराठी मंडळाची ओळख करून द्यायला हवी. त्यांचा सहल-चिटणीस रवी हा अनुपरावांचा मित्र. मंडळाने डिसेंबरात ठराव केला होता की बर्फ बघायला स्कॉटलंडला जायचं, पण शंभर सेंटिमीटरच्या वर असेल तरच. शंभर का, हे कोणालाच माहीत नाही; पोटसमितीने नव्वद सुचवलं होतं, सर्वसाधारण सभेने दहा वाढवले. तेव्हापासून रवी रोज टेप ऐकत होता. सोमवारी त्याने एकशे एक्केचाळीस ऐकलं आणि कोच बुक केला.

शनिवारी सकाळी अकराला त्रेचाळीस माणसं आमच्या दारात उतरली. सगळ्यांच्या पायात नवे वेलीज (म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट), हातात टोप्या, कोचच्या पोटात श्रीखंडाचे डबे. समोर डोंगर, त्यावर ओलं गवत, चिखल आणि दोन मेंढ्या. मी त्यांना वर घेऊन गेलो, दुसरं काय करणार! उताराच्या एका खळग्यात, दोन एसटी गाड्या उभ्या राहतील एवढा बर्फाचा ढीग शिल्लक होता. त्याच्या मधोमध काठी.

रवीने ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, सकाळी टेपवर तर नाइंटी सेंटिमीटर म्हणाले."

"मग आहेत ना. मोज."

त्याने वाकून मोजले. नव्वदच होते. त्याचा चेहरा असा झाला की क्षणभर मलाच त्याची दया आली.

पण मराठी मंडळाला तू कमी समजू नकोस. बर्फ कमी आणि माणसं जास्त म्हटल्यावर त्यांना एकदम हुरूप आला, कारण आता व्यवस्था लावता येणार होती. पाच मिनिटांत गट पडले, रांग लागली, माणशी तीन मिनिटं ठरली, ज्येष्ठ नागरिक आधी. एक जण घड्याळ घेऊन उभा राहिला, एक जण फोटोला. सुहासिनीबाई म्हणून एक्काहत्तर वर्षांच्या एक बाई होत्या. साडीवर जावयाचं जॅकेट घालून चहाच्या ट्रेवर बसल्या आणि आठ फूट घसरल्या. खाली पोचल्यावर म्हणाल्या, "माझी दोनच मिनिटं झालीत, मी बघितलंय," आणि पुन्हा वर चढल्या. त्यांच्यापैकी कोणालाही स्कीइंग येत नव्हतं, त्यामुळे डोंगरभर बर्फ असतं तर त्याचं काय करायचं हा प्रश्नच पडला असता, असं रवी नंतर भाषणात म्हणाला. हो, भाषण झालं. श्रीखंड झालं. आणि मग रवीने माझे आभार मानायला सुरुवात केली, की काकांनी सातत्याने अचूक निरीक्षणं पुरवली, वगैरे. टाळ्या चालू असतानाच सगळे मागे बघायला लागले. मीही पाहिलं. उर्वी हॉस्पिटलातून गाडीने डंकनला घरी घेऊन आली होती, आणि तो दोन कुबड्यांवर उतार चढून येत होता.

रांग त्याच्यासाठी आपोआप बाजूला झाली. काठीपाशी जाऊन त्याने दीडशेच्या पट्ट्यावरचं हळद-कुंकू पाहिलं, बोट लावून पाहिलं. मग मला विचारलं, माझा शून्य कुठे आहे? चाळीस पावलं खाली, ओल्या गवतात लोखंडी खोबण सगळ्यांना लख्ख दिसत होती. मी नुसता हात केला. शशी, चीफ इंजिनियरने भर मीटिंगमध्ये झापलं होतं तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती.

संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी गुढीपासून सगळं सांगितलं. त्याने पेन्सिल घेतली, सोमवार ते शनिवार माझ्या सहा आकड्यांवर सरळ रेघ मारली आणि समोर लिहिलं, वाचन नाही. सव्वीस वर्षांतले पहिले सहा कोरे दिवस. मला रडू आवरेना, ते त्याला बघवेना, म्हणून त्याने चहा टाकला. मग म्हणाला की तू सांगितलंस ते बरं केलंस. आणि विचारलं, तुमच्या धरणावर असं कधी केलं होतंस का?

मी म्हटलं, कधीच नाही.

त्याने मान हलवली. म्हणाला, मग पुढच्या नोव्हेंबरपासून तू बघ. क्लबला फक्त तुझ्याबरोबर काम केलेल्या माणसाचं एक पत्र लागेल. आनंदाच्या भरात मी त्याची तीन बिस्किटं खाल्ली. तर असं सगळं छान जमून आलंय. वहिनींना आम्हा दोघांचा नमस्कार, नातवंडांच्या पाठीवर माझ्या वतीने एकेक धपाटा. मणक्याची काळजी घे, लिफ्टमधून खाली ये, वर चालत जाऊ नकोस.

तुझा,
कमलाकर

ता. क. ते पत्र अर्थात तूच द्यायचंस. तुला त्रास नको म्हणून इंग्रजीत टाइप करून सोबत जोडलंय. खाली सही कर आणि उलट टपाली पाठव. तिसरं वाक्य वाचू नकोस. बरं, वाचशीलच, तर ते असं आहे की या गृहस्थांनी एकतीस वर्षांत डोळ्यांनी न पाहिलेला एकही आकडा लिहिला नाही. हसू नकोस. तुझ्या लग्नाचे अकरा दिवस मला आठवतात. तू नागपूरला बोहल्यावर, मी पंगतीत, आणि रजिस्टर माझ्या पिशवीत. रोज जिलेबी झाली की तीन सेंटिमीटर वाढ लिहायचो. साहेबांनी पानावर "सुवाच्य" असा शेरा दिला होता. अठ्ठावीस वर्षं झाली त्याला, धरण अजून उभं आहे, कशाला उकरायचं?

ता. क. दुसरा, ३० मार्च. जोडलेलं पत्र शोधू नकोस, ते फाडलं. काल पाकीट टाकायला निघालो, तर डंकन खिडकीत पाय वर करून बसला होता, मांडीवर रजिस्टर. त्याने हात केला, मी आत गेलो, आणि का कोण जाणे, ते अकरा दिवस सांगून टाकले. त्याने विचारलं, महिना कोणता होता? मी म्हटलं, जुलै, धरण भरत होतं. त्याने विचारलं, खाली गावं होती? मी म्हटलं, नऊ. मग त्याने मांडीवरचं रजिस्टर मिटलं. शेवटी म्हणाला की पत्र त्या दुसऱ्या माणसानेच लिहू दे, त्याच्या हाताने, अकरा दिवसांसकट; मग बघू. तेव्हा आता लिही, आणि खरं लिही. काम मिळेल की नाही मला माहीत नाही. इथे माझा आकडा चुकला तर त्रेचाळीस माणसांना रांग लावावी लागली. त्या नऊ गावांतलं तिसरं वहिनींचं माहेर, हे मला काल आठवलं. सगळं वऱ्हाड नागपूरला आलं होतं, पण त्यांची आजी पाय दुखतात म्हणून लग्नाला आली नव्हती, घरीच होती. हे पत्र वहिनींना वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.